बंदरावर वाटलेल्या किल्ल्या

सोमवारी दुपारी दुकान बंद करून एवांथिया घरी आली, तर बैठकीच्या खोलीत दोन अनोळखी माणसं बसली होती. एक तरुण आणि एक तरुणी. दोघांनी बूट काढून दाराशी नीट लावून ठेवले होते. पाठीवरच्या मोठ्या पिशव्या भिंतीला टेकवल्या होत्या, आणि मुलगी वाडग्यातली द्राक्षं खात होती. एवांथियाला पाहून ती उठली आणि छान हसली.

"तुम्ही कोण?" एवांथियाने विचारलं. तिचा हात अजून दाराच्या मुठीवरच होता.

मुलाला मोडकंतोडकं ग्रीक येत होतं. ते बल्गेरियातल्या प्लोवदिवहून आले होते, उद्याच्या बोटीने थासोस बेटावर जाणार होते. "आजोबांनी बंदरावर किल्ली दिली," तो म्हणाला. "तिसरा मजला, खोली स्वच्छ आहे, जा आणि आराम करा, म्हणाले." त्याने खिशातून किल्ली काढून दाखवली. नवीकोरी, चकचकीत. नुकतीच घासून काढलेली.

"आणि आजोबा कुठे आहेत?"

"ते म्हणाले, अजून एक बोट यायची आहे."

एवांथियाने दाराची मूठ सोडली. मग तिने त्या दोघांना कॉफी करून दिली, मागच्या गल्लीतल्या एका चांगल्या लॉजचा पत्ता सांगितला आणि किल्ली मागून घेतली. ती पोरं इतक्या वेळा माफी मागत जिना उतरली की शेवटी तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

आर्गिरिस तिचा नवरा. कवालाच्या बंदरामागे त्यांचं छोटं हॉटेल होतं. आयुष्यभर तो तिथल्या टेबलामागे उभा राहिला, येणाऱ्याला किल्ली दिली, जाणाऱ्याकडून घेतली. गुडघे थकले, जिने चढवेनात, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी हॉटेल विकलं, आणि त्यानंतर काही महिन्यांतच त्याचं डोकं सरकायला लागलं. आधी नावं गेली, मग वार गेले. पण पाय शाबूत होते. रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो बंदरावर जायचा, बोटी बघायचा आणि पेपर घेऊन परत यायचा. सगळं गाव त्याला ओळखत होतं, म्हणून एवांथियाने त्याला अडवलं नव्हतं. तिला तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. रोज सकाळी, आणि मंगळवार, गुरुवार, शुक्रवार संध्याकाळीसुद्धा.

तो आला तेव्हा पेपर काखेत होता आणि तो खुशीत होता.

"पोचली का ती पोरं?"

"कुठली पोरं?"

"प्लोवदिवची. चांगल्या घरातली दिसली. सात नंबर दिलाय त्यांना."

"आर्गिरिस, इथे सात नंबर नाही. हे आपलं घर आहे."

"ते मला कळत नाही का?" तो म्हणाला. "तू चादरी बदलल्यास ना?"

"किती जणांना दिल्यास अशा किल्ल्या?"

त्याने जरा विचार केला. "लागतील तेवढ्यांना दिल्या," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

ती तशीच उभी राहिली, आणि गेल्या कित्येक आठवड्यांतल्या गोष्टी एकेक करून तिच्या डोक्यात उभ्या राहू लागल्या. त्यांच्या मुलीच्या, मिर्सिनीच्या खोलीतल्या पलंगावरची चादर. ती स्वतः कडा लोंबत ठेवायची, आणि मधूनच त्या गादीखाली घट्ट खोचलेल्या दिसायच्या. स्वयंपाकघरात धुऊन पालथे घातलेले दोन कप. आर्गिरिसने जन्मात कधी कप धुतला नव्हता. तिला वाटलं होतं, आपणच विसरत असू, आता आपलीही पाळी आली. एकदा तर ती डॉक्टरकडे जाऊन येणार होती. म्हणजे तिचं डोकं ठीक होतं. तिच्या घरात कुणीतरी येत होतं, झोपत होतं आणि उठून जात होतं.

तिने त्या पलंगावरचं सगळं काढून मशीनमध्ये टाकलं. मग थेसालोनिकीला मुलीला फोन लावला.

"आई, आजच्या आज कुलूप बदल," मिर्सिनी म्हणाली. "आणि आतल्या बाजूनेसुद्धा किल्लीचंच बसवून घे. म्हणजे बाबा एकटे बाहेर पडायलाच नकोत."

"कोंडून ठेवू त्याला?"

"मी कोंड म्हटलं का? तू ना, शब्द पकडतेस."

त्या रात्री एवांथियाने दाराला खुर्ची लावली आणि पडून राहिली. जिन्यावर पाऊल वाजलं की तिचे डोळे उघडत.

मंगळवारी तिने दुकान उघडलं नाही. इमारतीच्या खालच्या दाराच्या चौकटीवर कुलूपवाल्यांचे स्टिकर एकावर एक चिकटवलेले होते. लाल, पिवळे, काही अर्धे ओरबाडलेले. त्यातल्या सगळ्यात वरच्या नंबरवर तिने फोन केला. कुठल्यातरी दूरच्या शहरातून एक बाई बोलली, तिला कवालातल्या रस्त्याचं नाव तीनदा फोडून सांगावं लागलं. तासाभराने मोटरसायकलवर एक माणूस आला. त्याने दाराकडे धड पाहिलंही नाही, पिशवीतून ड्रिल काढलं.

"हे सगळं फोडून काढावं लागेल, मॅडम."

"का? मला फक्त जुन्या किल्ल्या बाद करायच्या आहेत."

"असं नसतं ते. कुलूप नवीन, वरची लोखंडी पट्टी नवीन. दारालाही जरा कापावं लागेल."

"तुम्ही किल्ली तरी घालून बघितलीत का?"

"किल्ली कशाला बघायची?"

"मग या तुम्ही," एवांथिया म्हणाली. तो बराच वेळ कुरकुरत राहिला, आपण इतक्या लांबून आलो हे त्याने दोनदा ऐकवलं, पण ती दारात हात आडवा धरून उभी राहिली आणि शेवटी तो गेला.

कोपऱ्यावर सिगारेटी आणि पेपर विकणारी रोदी हे सगळं बघत होती. "अगं, स्टिकरवाल्यांना कशाला बोलावतेस," ती म्हणाली. "प्रोद्रोमोस आहे ना आपला. कमानींच्या खाली, पुलाजवळ. माझं शटर त्यानेच सोडवलं."

आर्गिरिसला घरी एकटं ठेवायची तिची हिंमत नव्हती, आणि घर एकटं ठेवायचीही नव्हती. तिने किल्ली दोनदा फिरवून दार बंद केलं, त्याचा हात धरला आणि निघाली. कमानींच्या खाली प्रोद्रोमोसचं दुकान बंद होतं. काचेवर 'येतोच' असा कागद. समोरच्या कॉफीवाल्याने सांगितलं, त्याच्या मावशीच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना आहे, चर्चमध्ये गेलाय. ती चर्चपर्यंत चढून गेली. तिथे लोक अंगणात कॉफी पिऊन पांगत होते. प्रोद्रोमोस आत्ताच उतरला, कुणी म्हणालं, एका बोटीच्या केबिनचं कुलूप अडकलंय, बंदरावर बघा. आर्गिरिस मात्र मजेत होता. वाटेत भेटेल त्याला टोपी काढून नमस्कार करत होता, आणि दर पन्नास पावलांवर थांबत होता. तिला त्याला ओढावं लागत होतं. आपण आलोय इकडे आणि तिकडे आत्ता कुणीतरी किल्ली घालून आत शिरत असेल, सोफ्यावर बसत असेल, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

प्रोद्रोमोस एका मासेमारीच्या बोटीवर, केबिनच्या दारासमोर उकिडवा बसलेला सापडला. जाडजूड माणूस, श्राद्धाचा काळा कोट शेजारी दोरांच्या वेटोळ्यावर घडी करून ठेवलेला. आर्गिरिसचा आवाज ऐकून त्याने मान न वळवता, गावातल्या सगळ्यांसारखं आदराने 'कीर' लावून विचारलं, "काय कीर आर्गिरिस, आज पण दोन काढू?"

"आज पण म्हणजे?" एवांथियाने विचारलं.

आता त्याने मान वळवली. तिला पाहून तो सावकाश उभा राहिला.

"म्हणजे या किल्ल्या तुम्ही काढून देता?"

"ते घेऊन येतात, मी काढतो, कीरिया एवांथिया. माझा धंदाच तो."

"किती काढल्यात?"

"मोजल्या नाहीत. उन्हाळाभर येत होते. मला वाटलं, परत खोल्या भाड्याने द्यायला लागलात."

"तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये? दोन खोल्यांच्या?"

"हल्ली सगळेच देतात. माझी वहिनी तर गच्चीसुद्धा देते." मग त्याने आर्गिरिसकडे पाहिलं. तो बोटीवरच्या पोरांशी हवेबद्दल बोलत होता. प्रोद्रोमोसचा चेहरा हळूहळू उतरला. "असं आहे होय," तो म्हणाला. "ते इतकं नीट बोलतात हो. कळत नाही."

"बोलण्यात अजून कोणी हात धरणार नाही त्याचा," एवांथिया म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि या माणसावर कितपत रागवावं ते तिला ठरवता येत नव्हतं. "आजच्या आज येऊन बदलून द्या मला."

तो दुपारी आला. दाराच्या कडेचा एकच स्क्रू सोडवून त्याने किल्ली जराशी फिरवली आणि कुलपाचा गाभा अख्खा हातात काढून घेतला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फडकं पसरून तो उघडला, तेव्हा आतून तांदळाच्या कण्यांएवढ्या पितळी पिना आणि बारीक स्प्रिंगा निघाल्या.

"माल चांगला आहे, फेकायचं काही कारण नाही," तो म्हणाला. "पिना बदलतो. जुनी किल्ली आत जाईल, पण फिरणार नाही."

आर्गिरिस शेजारी येऊन उभा राहिला. "चौदा नंबरचं पण अडकतं," तो म्हणाला. "तेही बघून टाक."

"बघतो, कीर आर्गिरिस."

गाभा परत बसवताना प्रोद्रोमोसने आवाज खाली आणला. "आतून काय ठेवायचं? आता हे फिरवायचं बटण आहे. म्हटलंत तर आतूनही किल्लीच लागेल असं करतो. अशा घरांमध्ये लोक तसं करून घेतात."

मिर्सिनीचं बोलणं तिच्या कानात होतं. घराला आग लागली तर काय, हेही मनात आलं. पण खरं सांगायचं तर तिच्या डोळ्यांसमोर आग नव्हती. आर्गिरिस आतून दार ढकलत उभा आहे आणि ते उघडत नाही, एवढंच होतं.

"बटणच असू द्या," ती म्हणाली.

प्रोद्रोमोसने नव्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. आर्गिरिसने सवयीने हात पुढे केला, तळवा वर करून. एवांथियाने त्या सगळ्या उचलून पर्समध्ये टाकल्या आणि आपल्या जुडग्यातली जुनी किल्ली काढून त्याच्या तळव्यावर ठेवली. त्याने ती निरखून पाहिली, खुश झाला आणि आपल्या कडीत अडकवली. प्रोद्रोमोस स्क्रूड्रायव्हर पुसत होता. तो पुसायचा थांबलाच नाही.

"परत आला तर मशीन बिघडलंय म्हणून सांगा," ती त्याला दारात म्हणाली.

"सांगतो. पण अजून दोघेजण आहेत गावात किल्ल्या काढणारे."

"मला माहीत आहे."

त्या संध्याकाळीही ती दुकानात गेली नाही. इस्त्रीचे कपडे काढून बसली, पण एका बाहीवर चारदा इस्त्री फिरवली तरी चुणी जाईना. सहाच्या सुमारास दाराशी खुट्ट झालं. किल्ली आत गेली. फिरेना. बाहेर काढली, पुन्हा घातली. एवांथियाने इस्त्री उभी केली आणि पाय न वाजवता दारातल्या बाहेर बघायच्या भोकाशी गेली. बाहेर एक धिप्पाड माणूस होता. निळा शर्ट, खांद्यावर स्वेटर, हातात मिठाईच्या दुकानातलं रिबीन बांधलेलं खोकं. तो किल्लीकडे बघत होता. मग त्याने बेल दाबली.

"वायोस आला," आतून आर्गिरिस म्हणाला. मुलीचं नाव आठवायला त्याला हल्ली वेळ लागायचा.

तिने साखळी लावूनच दार उघडलं. "कोण तुम्ही?"

माणूस गडबडला. "मी वायोस. अलेक्झांद्रूपोलीची बस चालवतो. पाचला येते, साडेसातला परत निघते." मग फटीतून तिला पाहत म्हणाला, "आणि आपण?"

"मी बायको त्याची."

"म्हणजे... रिसेप्शनला असता त्या?"

"कुठलं रिसेप्शन?"

"ते म्हणतात, बायको खाली रिसेप्शनला आहे. तुम्हाला कधी पाहिलं नाही, म्हणून मला वाटलं," आणि इथे तो अडखळला, "मला वाटलं, त्या वारल्या असतील. काही जण असं बोलतात ना, माणूस गेल्यावर."

एवांथियाने साखळी काढली नाही.

"स्टँडवर भेटले होते मला," तो सांगत राहिला. "जूनमध्ये. थकलेला दिसतोस म्हणाले, किल्ली दिली. पहिल्यांदा मी आलो ते किल्ली परत करायला. तर कॉफी केली त्यांनी. नंतर येत गेलो. पाठ धरते हो बसमध्ये. अर्धा तास पडतो त्या लहान खोलीत, मग आम्ही सोंगट्यांचा एखादा डाव खेळतो. कुठल्या वस्तूला हात नाही लावला मी. कप तेवढे धुऊन ठेवायचो."

"माझ्या मुलीच्या पलंगावर झोपत होतात तुम्ही."

"चादर नीट खोचून जायचो," तो म्हणाला, आणि आपण भलतंच बोललो हे त्याच्या लक्षात आलं.

"किल्ली द्या."

त्याने लगेच काढून फटीतून दिली. खोकंही पुढे केलं. "आज नको," ती म्हणाली आणि दार लावलं. ती खुर्चीत बसते न बसते तोच आर्गिरिसने बटण फिरवून दार उघडलं आणि जिन्याच्या कठड्यावरून खाली ओरडला, "सात तयार आहे, वायोस." खाली पावलं थांबली. मग पुन्हा उतरू लागली. तिने आर्गिरिसला दंडाला धरून आत आणलं. तो जेवला नाही. या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिला, आणि तिलाही एका जागी बसवेना.

बुधवारपासून ती त्याला दुकानात नेऊ लागली. दुसरा उपाय नव्हता. सकाळी बंदरावर गेला तर परत येऊन तो दारातच अडकणार. दुकानात तो काउंटरमागे उभा राहायचा आणि आत येणाऱ्याला विचारायचा, "किती रात्री?" पँट आखूड करायला आलेले एक शिक्षक गंभीरपणे म्हणाले, "एकच, कीर आर्गिरिस," तेव्हा तो खुलला. पण तासाभरात त्याला बाहेर जायचं असायचं. ती तोंडात टाचण्या धरून रस्त्यापर्यंत त्याच्या मागे धावायची, परत आणायची, आणि मशीनवर बसली की तो पुन्हा दाराशी. "मला कामं आहेत," तो म्हणायचा. "मलाही आहेत," ती म्हणायची. दोघं दिवसभर एकमेकांवर डाफरत होती. संसारात इतकी भांडणं कधी झाली नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी लग्नघरातली एक बाई बाहीचं माप द्यायला आली. एवांथियाने टेप गुंडाळून मान वर केली तर काउंटरमागे कुणी नव्हतं. ती तशीच धावत सुटली. बंदरावर नाही, बाकांवर नाही. मासेबाजारात कुणी पाहिलेला नाही. मग घराकडे. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना तिला दम लागला होता.

आर्गिरिस दाराबाहेर पायरीवर बसला होता. त्याची जुनी किल्ली दाराला तशीच लटकत होती. शेजारी वायोस बसला होता, गुडघे जवळ घेऊन, आणि घड्याळाकडे बघत होता.

"स्टँडसमोर गाड्यांमधून चालत होते," तो उठत म्हणाला. "एकटे. घरी आणलं तर दार उघडेना. त्यांची किल्ली लागत नाही, आणि माझी तुम्ही घेतलीत. सोडून कसा जाणार? सातला दहा कमी आहेत, मला निघायला पाहिजे."

"कुलूप बिघडलंय," आर्गिरिसने तिला सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "केव्हाचा फिरवतोय. माझ्याच घराचं."

तिने किल्ली काढायला पर्स उघडली, पण घाईत किल्ली भोकात जाईना. वायोसने हात पुढे केला नाही. तो भिंतीकडे बघत उभा राहिला. दार उघडल्यावर ती म्हणाली, "आत या. पाणी तरी प्या."

तो उभ्यानेच पाणी प्यायला. निघताना तिने त्याला जिन्यात गाठलं.

"उद्या येता का तुम्ही? शुक्रवारी?"

"बस येते."

"मी उद्या संध्याकाळी याला दुकानात नेणार नाही. साडेपाचला निघेन. तुम्ही बेल वाजवा. तो आतून उघडेल."

"नाही उघडलं तर?"

"मग नाही उघडलं. किल्ली मी तुम्हाला देणार नाही."

"मी मागितली नाही," वायोस म्हणाला. त्याला ते लागलं असावं, किंवा बसची घाई असावी. तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

शुक्रवारी ती साडेपाचला निघाली. जाताना मिर्सिनीचा फोन वाजत होता, तो तिने घेतला नाही. एक अनोळखी माणूस तिने स्वतःहून घरात येऊ दिला होता. त्याच्याबद्दल तिला त्याच्या बसच्या वेळेपलीकडे काही माहीत नव्हतं. दुकानात तिने एका स्कर्टची दुमड घातली, ती उलट्या बाजूने घातलीय हे दिसल्यावर उसवली आणि पुन्हा घातली. सहाला तिने हात फोनकडे नेला आणि मागे घेतला. पावणेसातला मात्र तिने घरचा नंबर फिरवला. बराच वेळ वाजत राहिला. मग तिकडून वायोसचा दबका आवाज आला.

"झोपलेत ते. खुर्चीत. हरले आज, म्हणून रुसलेत माझ्यावर."

"काही खाल्लं?"

"थोडी पेस्ट्री खाल्ली. पालकाची. मी निघतोय आता. दार ओढून घेऊ ना?"

पलीकडून तिला घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, आणि कुणाचा तरी श्वास. तो आर्गिरिसचा की या माणसाचा ते समजत नव्हतं.

"कीरिया एवांथिया?"

"ओढून घ्या," ती म्हणाली. "हळू. तो जागा होईल."

तिने फोन ठेवला आणि स्कर्ट पुन्हा मशीनखाली घेतला. चार टाके घातले. मग दिवा बंद केला, शटर खाली ओढलं आणि दुकानाच्या वेळेचे अजून दोन तास बाकी असताना ती घराकडचा चढ चढू लागली.